रंग सोडवणारे लिंबाजी मिस्त्री

जालन्यात गाड्यांना रंग देणारे पुष्कळ होते. रंग काढणारे एकटे लिंबाजी मिस्त्री. एक्याऐंशी साली मी भोकरदन नाक्याजवळ सीट कव्हरचं दुकान घातलं, तेव्हा शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आधीपासून बसलेले होते. आमची मधली भिंत एका विटेची. त्यामुळे त्यांच्या थिनरचा वास आणि माझ्या मशीनची खडखड आम्ही पंधरा-सोळा वर्षं मिळूनच वापरली.

त्यांचं काम समजावून सांगायला लागायचं. जुन्या गाड्यांना काचेभोवती, दारांच्या पोटावर, बॉनेटच्या मधोमध निकलच्या चकचकीत पट्ट्या असत. गाडी तीन-चार हात फिरली, की कुठल्यातरी घाईच्या पेंटरनं त्या पट्ट्यांवरूनही रंगाचा फवारा मारलेला असे. पट्टीवर कागद चिकटवून ती झाकायची तर अर्धा दिवस जातो, तो त्याला वाचवायचा असे. पुढचा पेंटर त्यावर दुसरा रंग मारी, आणि पट्टीला गंज दिसला की मालक स्वतःच चांदी कलर फासून मोकळा होई. मग कधीतरी एखाद्या हौशी माणसाला आठवे की आपल्या गाडीला एकेकाळी चमक होती, आणि तो लिंबाजी मिस्त्रींचा पत्ता विचारत नाक्यावर येई.

मिस्त्री उंच, खांद्यात वाकलेले. पायजमा, बनियन, डोक्याला रुमाल. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक काळा चौकोनी तुकडा असायचा. नवा माणूस तो ताईत समजून आदरानं बघायचा. तो लोहचुंबक होता. पट्टीला लावून चिकटला तर लोखंड, नाही चिकटला तर दुसरं काहीतरी, आणि त्याप्रमाणे पुढचं काम. मूळचे ते भोकरदनकडचे. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. विशीपर्यंत त्यांनी कातरी धरून लोकर कातरली होती. कातडीला धक्का न लावता वरचं तेवढं उतरवायचं, हा हात त्यांना तिथूनच मिळाला असावा असं मी एकदा म्हणालो, तर त्यांना ते पटलं नाही. मेंढी हालते, पट्टी हालत नाही, म्हणून मेंढीचंच काम अवघड, असं त्यांचं म्हणणं.

पट्टी गाडीवरून खोलेपर्यंत पेचकस चालायचा. एकदा ती शेडमध्ये आली की लोखंडी हत्याराला आत यायला बंदी. आत बांबूच्या कामट्या, तुटक्या कंगव्याचे तुकडे आणि जुन्या धोतराच्या चिंध्या, एवढाच सरंजाम. चिंधी थिनरमध्ये भिजवायची, पट्टीला गुंडाळायची, वरून प्लास्टिकचा कागद लपेटून सुतळीनं बांधायचं आणि थांबायचं. या थांबण्यात ते दुसरं काही करत नसत. विडी ओढायची सोय नव्हतीच, कारण थिनर. पट्टीकडे तोंड करून बाजेवर बसायचे. गिऱ्हाईक घाईला आलं की सांगायचे, "रंगाला सुटू द्यायचं असतंय. आपुन फकत हात खाली धरायचा." पट्टी 'खरवडून द्या' असं कुणी म्हटलं तर मात्र बिघडायचं. खरवडायला तो काय नारळ आहे का, असं विचारून त्यांनी एक-दोन गाड्या परत पाठवलेल्या मी पाहिल्या आहेत. 'काढणं' हा शब्दही त्यांना जड जायचा. ते रंग सोडवायचे.

रंगाचा पापुद्रा निघाला की तो उन्हात आडवा धरून त्याच्या कडेचे थर मोजायचे, ही त्यांची खास सवय. त्यावरून गाडीचं सगळं पूर्वायुष्य सांगायचे, आणि न विचारता सांगायचे, त्यामुळे भांडणं व्हायची. भोकरदनचे एक वकील अँबॅसिडर घेऊन आले. एकाच डॉक्टरनं वापरलेली गाडी म्हणून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. मिस्त्रींनी पहिलाच पापुद्रा उचलला, डोळ्यापुढं धरला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, वर पांढरा, त्याच्याखाली क्रीम, अन् सगळ्यात खाली काळा-पिवळा. तुमची गाडी मुंबईला टॅक्सी व्हती." गाडीचा राग वकिलांनी मिस्त्रींवर काढला. तुम्ही बिनशिकलेले लोक, उद्या माझ्या पट्टीवर ओरखडे पाडले तर ग्यारंटी काय, असं बरंच काही बोलले.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ज्या दिवशी माझ्या हातानं धातू खराब हुईल, त्या दिवशी हे शेड बंद. हीच ग्यारंटी."

वकिलांच्या पट्ट्या आरशासारख्या होऊन गेल्या. पण ते वाक्य नाक्यावर राहिलं. गॅरेजवाले थट्टेत म्हणायचे, मिस्त्री, आज शेड चालू का बंद? तेही हसून चालू म्हणायचे. मला ते गिऱ्हाईक गप्प करायचं बोलणं वाटायचं. ते मनापासून बोलले होते हे कळायला मला दहा-बारा वर्षं लागली.

एकदा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमधला ओळखीचा कामगार कॉस्टिकचा कॅन घेऊन आला. मिलमध्ये तेलकट लोखंड धुवायला ते वापरायचे. त्याचं म्हणणं, मिस्त्री, तुम्ही एका पट्टीला दोन-दोन दिवस घालवता, हे ओता, तासाभरात काम फत्ते. मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि कॅन कोपऱ्यात ठेवून दिला. नंतर मला म्हणाले, लोखंडाला हे काही करत नाही, ते बरोबर आहे. पण जर्मनला हे सोडत नाही. जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम, घरोघरच्या पातेल्यांचं. कॉस्टिकमध्ये जर्मनचं पातेलं टाकलं तर चाळणी होते. त्या कॅनचा उपयोग एरवी ते फक्त मोरी धुवायला करत.

घरी त्यांच्या या सवयीचा जाच कौसाबाईंना. मिस्त्रींच्या घराचं दार बिनरंगाचं, नुसतं लाकूड. एका दिवाळीला मिस्त्री भावाकडे गेलेले पाहून कौसाबाईंनी दार हिरवंगार रंगवून घेतलं. मिस्त्री परत आले, दाराकडं बघितलं आणि आत जाऊन जेवले. पुढचे तीन रविवार त्यांनी उंबऱ्यात बसून ते दार सोडवलं. कौसाबाई माझ्या बायकोला म्हणाल्या, दुनिया दिवाळीला रंग लावते, आमच्याकडं उतरवत्यात. रागानं म्हणाल्या खऱ्या, पण दाराच्या लाकडावरच्या रेषा दाखवताना त्यांचा आवाज वेगळा होता.

मग केदारखेड्याची गाडी आली.

केदारखेड्याचे उत्तमराव मोठे शेतकरी. त्यांच्या वडिलांनी कधीकाळी हैदराबादेहून एक लांब विलायती गाडी आणली होती. वडील गेल्यावर ती फारशी फिरली नाही. ठेवायला जागा म्हणून बैलांच्या गोठ्यात उभी राहिली. आता उत्तमरावांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि आजोबांच्या गाडीतूनच नातीची वरात निघावी हे त्यांनी मनात घेतलं होतं. इंजिन त्यांनी गावातच चालू करून घेतलं. सीट माझ्याकडे आणि पट्ट्या मिस्त्रींकडे, अशी वाटणी झाली. इंजिनावर लांबचा भरवसा नको म्हणून ट्रॅक्टरला बांधून गाडी नाक्यावर आली, तेव्हा आसपासच्या गॅरेजमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला जमली.

गाडीच्या अंगाला एकच जुना निळा रंग होता. पण बंपर, दिव्यांच्या कड्या, जाळी आणि झाडून सगळ्या पट्ट्या लाल, हिरव्या, सोनेरी, जांभळ्या, एकावर एक. काही ठिकाणी रंगात बेगडही चिकटलेली. पट्टीची जाडी बोटाएवढी झालेली.

गाडीबरोबर भिका आला होता. भिका उत्तमरावांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी, तीस वर्षं त्याच घरी. हे कुणी केलं असं मिस्त्रींनी विचारल्यावर तो संकोचानं म्हणाला, "म्याच. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवायची, मंग डब्यात रंग उरायचा. ही बी गोठ्यातच उभी. सगळ्या जनावराला रंग अन् हिलाच कोरी कशी ठिवायची?"

बावीस पोळे त्यानं गाडीला रंग दिला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळतात, तेही त्यानं दरवर्षी बॉनेटला चोळलं होतं. एका वर्षी पुरणपोळीचा घास बंपरला लावून मग बैलाला दिला, हे सांगून तो थांबला, कारण मिस्त्री हसत होते. पंधरा-सोळा वर्षांत मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. बनियननं डोळे पुसून त्यांनी पहिली पट्टी खोलायला घेतली.

भिकाला गाडीजवळ राहायचा हुकूम होता. तो शेडमध्येच झोपायचा आणि दिवसभर मिस्त्रींच्या समोर मांडी घालून बसायचा. आजवर मिस्त्री थरांवरून गाडीचा इतिहास ओळखत आले होते. आता तो इतिहास ज्यानं फासला तो माणूसच समोर होता. हिरवा थर सुटला की भिका सांगायचा, ही विहिरीला पाणी लागलं ते साल. निळा सुटला की, ह्या वर्षी ढवळ्या गेला, म्हणून लाल आणलाच नाही. मिस्त्री ऐकत राहायचे. एरवी काम करताना हूं की चूं न करणारा माणूस मध्येच विचारायचा, मंग पुढं काय झालं? पापुद्रे ते फेकत नव्हते, एका सुपात ठेवत होते. मला जरा गंमतही वाटली आणि थोडा हेवाही. सोळा वर्षांत आमचं एवढं बोलणं झालं नव्हतं.

भिकाला त्या गाडीची नस न् नस माहीत होती. ही पट्टी मूळची, ह्या कडीला खिळा मारलाय, इथं पत्रा पातळ आहे. मिस्त्री पट्टी हातात घ्यायच्या आधी त्याच्याकडे बघायचे, तो मान हलवायचा आणि काम सुरू व्हायचं. चुंबक गळ्यात नुसताच लोंबत होता. पहिल्या दोन दिवसांनंतर त्यांनी तो कुठल्या पट्टीला लावलेला मला आठवत नाही.

वैशाखातलं ऊन. चिंधीतलं थिनर बघता बघता उडून जायचं. बावीस थर सुटायला आमच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागला. उत्तमराव दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मिस्त्रींनी त्यांना एकच शब्द दिला, की वरातीला गाडीवर रंगाचा ठिपका दिसणार नाही. लग्न दोन दिवसांवर आलं तेव्हा मांडव घालायला माणूस कमी पडतो म्हणून भिकाला गावाकडून बोलावणं आलं. माझं तांबड्या रेक्झिनचं काम संपलं होतं. मिस्त्रींकडे एकच पट्टी उरली होती, डाव्या बाजूच्या मागच्या दाराची. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

ती पट्टी काही केल्या सुटेना. तीनदा चिंध्या बदलल्या. दुपारी मी शेडमध्ये गेलो, तेव्हा ते कोपऱ्यातल्या कॅनकडे बघत होते. वापरा की, लोखंडच तर आहे, असं मी म्हणालो का, हे आता नीट आठवत नाही. बहुतेक म्हणालो. त्यांनी उभ्या कापलेल्या पाइपात पट्टी आडवी ठेवली, वरून कॉस्टिक ओतलं आणि आम्ही समोरच्या हॉटेलात चहाला गेलो. चहाला आम्हाला कधीच घाई नसायची.

परत आलो तेव्हा पाइपातून फेस उतू जात होता आणि सुरसुर आवाज येत होता. मिस्त्रींनी कामटीनं पट्टी वर उचलली. वरच्या बाजूचे रंग जवळपास तसेच होते. मागची बाजू कोरी होती, तिला कधीच रंग लागलेला नव्हता. कॉस्टिक तिथून शिरलं होतं आणि धातू मागून खात गेलं होतं. पट्टी ओल्या पापडासारखी लवली. उजेडाकडं धरली तर रंगाच्या आडून भोकं दिसत होती. मिस्त्रींनी गळ्यातला चुंबक हातात घेतला आणि तिला लावला. चिकटला नाही. तरी ते बराच वेळ तो तिथे धरून उभे राहिले.

सकाळी भिका ट्रॅक्टर घेऊन आला. मिस्त्रींनी बाकीच्या पट्ट्या रात्रीच लावून ठेवल्या होत्या, सगळ्या लखलखीत. ती एक त्यांनी भिकापुढं ठेवली.

भिका म्हणाला, "आवं, ही जर्मनची हाय. सर्ज्यानं लाथ मारल्ती तव्हा मूळची मोडली. म्याच जालन्यातून करून आणल्ती. तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं बगा."

"तुमचं सांगायचं न्हाई राह्यलं," मिस्त्री म्हणाले. "माझं इचारायचं राह्यलं."

आम्ही दोघंही ट्रॅक्टरबरोबर केदारखेड्याला गेलो. उत्तमरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि हातानं उडवून लावलं. एका पट्टीनं काय होतं मिस्त्री, जेवायला बसा. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. भिकानं चांदी कलरचा डबा आणून त्या पट्टीला दोन हात मारले, मागून कापडाची पट्टी चिकटवली आणि ती दारावर बसवली. चार पावलांवरून काही कळत नव्हतं. वरात थाटात निघाली. मिस्त्रींना पाहुणा म्हणून बोलावलेलं होतं, पण मांडवापासून वेशीपर्यंत ते गाडीच्या डाव्या बाजूनं, मागच्या दाराला लागूनच चालत राहिले. लग्नाच्या फोटोंत नवरीच्या खिडकीखाली रुमाल बांधलेला एक वाकलेला माणूस सारखा मध्ये येतो, म्हणून पुढे उत्तमरावांच्या घरची मंडळी हसायची.

सोमवारी त्यांनी शेड रिकामं करायला घेतलं. मी खूप बोललो. कुणाला माहीत आहे, मालकाला काही वाटलं नाही, माणसाच्या हातून एखादी चूक होते. ते चिंध्यांची गाठोडी बांधत होते.

"मास्टर," ते म्हणाले, "ग्यारंटी दिल्ती."

वकिलांना दिली होती, उत्तमरावांना नव्हे, असंही मी म्हणून पाहिलं. त्यांनी पुढचं गाठोडं बांधायला घेतलं. त्यांचा मला खरंच राग आला होता. असा हट्ट परवडणारी माणसं वेगळी असतात, आणि शेजारच्या शेडमध्ये कुणीतरी दुसरं येणार हेही मला सोसत नव्हतं. पुढे तिथे टायर पंक्चरवाला आला. मिस्त्री एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात गेटवर बसू लागले. कौसाबाई भेटल्या की म्हणायच्या, घरातला थिनरचा वास गेला, पण माणूस घरात असून नसल्यासारखा. जुन्या गाड्यांचे मालक आणखी दोन-तीन वर्षं पत्ता विचारत येत राहिले. मी त्यांना दुसरीकडे पाठवायचो.

आठ-नऊ वर्षांनी उत्तमरावांनी सोफ्याची कव्हरं शिवायला मला केदारखेड्याला बोलावलं. मापं घ्यायला गेलो तो दिवस पोळ्याचा आदला निघाला. गोठ्यात आता दोनच बैल होते, बाकी ट्रॅक्टर. भिका दोन वर्षांपूर्वी वारला होता. गाडी तिच्या जागी उभी होती, आणि तिच्या मागच्या दारापाशी पोत्यावर लिंबाजी मिस्त्री बसले होते. हातात डबा आणि ब्रश.

उत्तमराव सांगू लागले, की लग्नानंतर दर पोळ्याला ते एसटीनं येतात. पट्टीवरचा रंग उडाला की धातूचा भुगा पडतो, म्हणून वर्षाच्या वर्षाला तिला हात द्यावा लागतो. भिका होता तोवर रंग तो द्यायचा आणि मिस्त्री शेजारी बसायचे. आता तेच देतात. नवी पट्टी बसवू असं उत्तमराव कितीदा म्हणाले, तर मिस्त्रींनी ऐकलं नाही.

मी जवळ गेलो. त्यांना रंग लावता येत नव्हता. जन्मभर रंगात हात घातलेला माणूस, पण ब्रश कसा धरतात तेही ठाऊक नव्हतं. चांदी कलरचे ओघळ दाराच्या निळ्या पत्र्यावर उतरले होते, आणि ते ओघळ बोटानं पुसायला जाऊन त्यांनी आणखी डाग पाडले होते. डोळ्यांत मोतीबिंदू पिकल्यासारखा दिसत होता. पावलांचा आवाज आल्यावर त्यांनी मान वळवली. आधी ओळखलं नाही, मग माझ्या आवाजावरून ओळखलं. मी कसा आहे, दुकान कसं चाललंय, असं काही त्यांनी विचारलं नाही.

ब्रश डब्यात ठेवून म्हणाले, "बरं झालं आले. मास्टर, तुमची नजर चांगली. जरा बराबर बघून सांगा, खालचं दिसून राह्यलं का?"

मी वाकून पाहिलं. दोन ठिकाणी भोकं उघडी होती आणि त्यांतून मागची कापडी पट्टी दिसत होती.

दिसत नाही म्हणालो, आणि सोफ्याची मापं घ्यायला आत गेलो.